सदोष मोटार आणि पुराव्याचे ओझे

मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, असे वारंवार सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु त्यावरून ती स्वस्त झाली आहे किंवा तिच्यासाठी मोजलेला पैसा माणसाला सहज विसरता येतो, असा अर्थ काढणे चूक ठरेल. ज्याचे वेतन ठरलेले आहे आणि ज्याला वरकमाईची वाट ठाऊक नाही, अशा शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या संसारात घराखालोखाल सर्वांत मोठी खरेदी मोटारीचीच असते. ती पाच-सात वर्षांच्या हप्त्यांवर होते, बहुधा एकदाच होते, आणि म्हणून ती फसली तर पुन्हा करण्याची सोय नसते. अशी खरेदी फसल्यावर आपला कायदा ग्राहकाच्या पाठीशी कितपत उभा राहतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या शेजारी एक माध्यमिक शिक्षक राहतात. निवृत्तीला सहा वर्षे उरली असताना त्यांनी पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे कर्ज काढून आणि भविष्य निर्वाह निधीतून काही रक्कम उचलून साडेआठ लाखांची नवी गाडी घेतली. गावी त्यांची ऐंशी वर्षांची आई असते. तिला महिन्यातून दोनदा शहरातील डॉक्टरांकडे एसटीने आणणे अशक्य झाले होते, एवढेच त्या खरेदीमागचे कारण. पाचव्या आठवड्यात ही गाडी घाटाच्या चढावर एकाएकी बंद पडली. मागे मालमोटारींची रांग, आत म्हातारी, आणि बाजूला दरी. वीस मिनिटांनी इंजिन आपोआप सुरू झाले. तेव्हापासून चौदा महिन्यांत ती गाडी अकरा वेळा दुरुस्तीला गेली आणि एकूण सत्तेचाळीस दिवस तेथेच राहिली. पेट्रोलचा पंप दोनदा बदलला, एक सेन्सर बदलला, वायरिंग तपासले, सॉफ्टवेअरही नवे घातले. दर वेळी गाडी धुऊन-पुसून परत मिळाली आणि ‘सर, आता काही प्रॉब्लेम नाही’ हे आश्वासनही मिळाले.

त्यांच्याकडील जॉब कार्डे मी पाहिली आहेत. ‘चढावर इंजिन बंद पडते’ असे गुरुजी सांगत. काउंटरवरील तरुण संगणकात ‘जनरल चेकअप’ असे टिपून घेई. काम संपल्यावरचा शेरा असे : ‘ट्रायल घेतली, दोष आढळला नाही.’ अकरापैकी सहा कार्डांवर हाच शेरा आहे. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिकांतील शब्द न् शब्द तपासणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या गाडीच्या कागदावर मात्र न वाचता सह्या केल्या, याचे त्यांनाच आता नवल वाटते. मला वाटत नाही. ज्याला गाडी संध्याकाळच्या आत हवी आहे, तो सही करतो.

पुढे जे व्हायचे तेच झाले. विक्रेता म्हणाला, गाडी आम्ही बनवत नाही, कंपनीला लिहा. कंपनीने कळविले, आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे, कृपया अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा. बाहेरच्या मिस्त्रीला दाखवावे तर हमी रद्द होण्याची भीती. ज्या काळी आपल्या रस्त्यांवर अॅम्बॅसिडर आणि पद्मिनी या दोनच गाड्या दिसत, त्या काळी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे हे खरे. पण बॉनेट उघडले की नाक्यावरच्या मिस्त्रीलाही दोष डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. आता बॉनेटखाली प्लास्टिकचे झाकण असते आणि त्याखालचे दुखणे कंपनीच्या यंत्रालाच वाचता येते. गाडीची प्रकृती कशी आहे, हे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच तोंडून ऐकायचे, अशी ही स्थिती आहे. साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे.

कायदा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, पाठोपाठ १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि अशा चळवळींनी तयार केलेल्या वातावरणात १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. तो अनेक बाबतींत उदार आहे. ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो की चेन्नईत. पाच ते दहा लाखांच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क अवघे दोनशे रुपये आहे. वकील लावलाच पाहिजे असे नाही. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे, भरपाई देणे, असे सर्व आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असेही त्यात म्हटले आहे. ही तरतूद किती ग्राहकांना ठाऊक असेल, देव जाणे!

मग अडते कोठे? अडते ते पुराव्यापाशी. वस्तूतील दोष तपासणीवाचून ठरविता येत नसेल तर ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी, आणि त्यासाठीचे शुल्क भरण्यास तक्रारदाराला सांगता येईल, असे कायदा म्हणतो. तेलाच्या डब्यासाठी किंवा औषधाच्या बाटलीसाठी ही तरतूद उत्तम आहे. नमुना काढला, सील केला, पाठविला. भेसळ असली तर ती आज आहे, उद्याही राहील. मोटारीचा दोष मात्र तापासारखा असतो. घरी अंग फणफणते आणि दवाखान्यात नेले की थर्मामीटरमध्ये काही दिसत नाही. तज्ज्ञ म्हणून कधी अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक येतात, कधी मोटार वाहन निरीक्षक. त्यांनी अर्धा तास गाडी चालविली आणि नेमकी त्या अर्ध्या तासात ती बंद पडली नाही, की ‘उत्पादनदोष आढळला नाही’ असा अहवाल तयार होतो. अशा तक्रारी तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यातच लिहिले आहे. ज्यांनी आयोगाच्या बाकांवर दिवस काढले आहेत त्यांना या आकड्यांवर भाष्य करण्याची गरज नाही.

त्यात भर म्हणजे ‘गाडी धावली’ हा युक्तिवाद. गुरुजींच्या तक्रारीला जे लेखी उत्तर आले, त्यात म्हटले आहे की गाडीने चौदा हजार किलोमीटरांचे अंतर कापले आहे, सदोष गाडी एवढी कशी धावेल? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु ज्याने कर्ज काढून गाडी घेतली आहे त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता? गाडी दारात उभी ठेवली तर वापराअभावी खराब झाली म्हणणार; वापरली तर ठीक चालते म्हणणार. हप्ता दोन्ही परिस्थितींत भरावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाचे निर्णयही ग्राहकाला फारसा धीर देणारे नाहीत. मारुती उद्योगच्या २००६ सालच्या प्रकरणात गाडी बदलून देण्याचा खालचा आदेश न्यायालयाने रद्द केला. कंपनीची हमी सदोष भाग बदलून देण्यापुरती आहे, संपूर्ण गाडी बदलण्याची नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ साली नवी म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात २००९ सालची, आधी चाललेली निघाली. ते प्रकरण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. विक्रेता आणि उत्पादक हे परस्परांचे मालक-नोकर नव्हेत, दोन स्वतंत्र व्यापारी आहेत, म्हणून विक्रेत्याच्या या कृत्याबद्दल कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असे ठरले. कायद्याच्या दृष्टीने या निर्णयांत विसंगती नाही, हे मान्य केले पाहिजे. करारात जे लिहिले आहे ते न्यायालयाने वाचले. प्रश्न असा आहे की तो करार लिहितो कोण? हमीपत्रातील एका शब्दाचाही फेरफार करण्याचा अधिकार ग्राहकाला नसतो; ते बहुधा त्याच्या हाती येते तेच गाडीच्या किल्लीबरोबर.

नेमक्या अशाच कलमाचा प्रश्न अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६० साली आला होता. एका गृहस्थाने घेतलेली नवी प्लिमथ गाडी त्याची पत्नी चालवीत असता, खरेदीनंतर दहा दिवसांतच सुकाणू निकामी होऊन भिंतीवर आदळली. कंपनीने हमीपत्राकडे बोट दाखविले : सदोष भाग बदलून देऊ, त्यापलीकडे जबाबदारी नाही. सर्वच कंपन्या हाच मजकूर छापत असताना ग्राहकाने तो ‘मान्य केला’ असे म्हणण्यात अर्थ नाही, असे सांगून न्यायालयाने ते कलम झुगारून दिले. ते प्रकरण शारीरिक इजेचे होते आणि आपल्याकडील २००६ चे तसे नव्हते, हा फरक आहेच. तरीही एकच मजकूर दोन न्यायालयांनी किती वेगळ्या नजरेने वाचला, हे पाहण्यासारखे आहे.

तथापि एका निवाड्याने अमेरिकन ग्राहकाचा प्रश्न सुटला नाही. कॅलिफोर्नियाने १९७० साली हमीविषयी स्वतंत्र कायदा केला. ‘वाजवी संख्येइतके’ प्रयत्न करूनही वस्तू दुरुस्त झाली नाही तर उत्पादकाने ती बदलावी किंवा पैसे परत करावेत, असे त्यात होते. आता वाजवी म्हणजे किती? ग्राहक म्हणे तीन, कंपनी म्हणे आणखी एकदा आणून तर पाहा. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने या वादाचा निकाल अगदी बाळबोध रीतीने लावला. त्याने आकडा लिहिला. एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती, किंवा एकूण तीस दिवस गाडी कामाबाहेर. एवढे झाले की वाजवी प्रयत्न झाले असे गृहीत धरावयाचे. कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी अशी भर घातली, आणि पुढील दुरुस्त्यांनंतर तेथील माप असे झाले : पहिल्या अठरा महिन्यांत किंवा अठरा हजार मैलांत चार प्रयत्न, जिवाला धोका असेल तर दोनच. पुढे हळूहळू पन्नासही राज्यांनी असे कायदे केले.

या कायद्यांना तेथे ‘लेमन लॉ’ म्हणतात. आपल्याकडे नवी गाडी दुकानातून बाहेर काढताना चाकांखाली लिंबे ठेवून ती चिरडण्याची चाल आहे. तिकडे जन्मतःच खोडील असलेल्या गाडीलाच ‘लिंबू’ म्हणतात. दृष्ट लागू नये म्हणून केलेला आपला उपाय स्वस्त आहे, पण हमीची मुदत संपेपर्यंत तरी तो टिकावा की नाही!

या कायद्याची थोरवी त्याच्या कठोरपणात नाही. तो फक्त प्रश्न बदलतो. इंजिन का बंद पडते, पंप सदोष की प्रोग्राम, या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यालाच देता येईल, आणि अभियंते कंपनीपाशी आहेत. गाडी किती वेळा आली आणि किती दिवस राहिली, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही कारकुनाला कागद मोजून देता येते. पुराव्याचे ओझे जाणत्या आणि सधन पक्षाच्या खांद्यावर सरकते. कंपनीला म्हणणे मांडण्याची बंदी नाही. मालकाने गाडीची हेळसांड केली असेल तर ते तिने सिद्ध करावे. वापराबद्दलची वजावटही न्याय्य आहे. कॅलिफोर्नियात पहिल्या दुरुस्तीला आणेपर्यंत गाडी जितके मैल चालली त्याला एक लाख वीस हजारांनी भागतात आणि किमतीचा तेवढा भाग कापून उरलेली रक्कम परत देतात. सहा हजार मैल चालली असेल तर विसावा हिस्सा कापला जाईल. मुद्दा असा की दोष प्रथम उघड झाल्यानंतर नाइलाजाने चालविलेले मैल ग्राहकाच्या डोक्यावर मारले जात नाहीत. गुरुजींना ऐकवलेल्या ‘चौदा हजार किलोमीटर’ या युक्तिवादाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

ही अमेरिकेची श्रीमंती आहे, आपल्याला ती कशी परवडावी, असे म्हणणाऱ्यांनी आशियाकडे पाहावे. सिंगापूरने २०१२ साली असा कायदा केला. तेथे ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांत दिसलेला दोष आरंभापासूनच होता असे गृहीत धरतात. चीनने २०१३, फिलिपिन्सने २०१४ आणि दक्षिण कोरियाने २०१९ साली मोटारींसाठी स्वतंत्र नियम आणले. आपणही स्वस्थ बसलो नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. परंतु ती सोय एकाच नमुन्याच्या पुष्कळ गाड्यांत धोकादायक दोष असेल तेव्हाची आहे. एकाच माणसाची एकच गाडी बिघडली, तर ती त्या जाळ्यातून निसटते.

ग्राहक खोट्या तक्रारी करतील, अशी भीती उद्योगांच्या बाजूने व्यक्त होते. काही करतीलही. पण चार वेळा रजा टाकून, रिक्षाचे भाडे भरून, आपली चांगली गाडी दुरुस्तीला नेऊन ठेवणारा लबाड मला तरी विरळा वाटतो. आपले रस्ते आणि भेसळीचे इंधन यांकडे बोट दाखविले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. पण रस्ते कसे आहेत हे गाडी विकताना कंपनीला ठाऊक नसते काय? तिसरा आक्षेप स्पर्धेचा. बाजारात एवढे पर्याय असता कायदा कशाला, वाईट कंपनी आपोआप मागे पडेल. स्पर्धेची मात्रा खरेदीच्या आदल्या दिवसापर्यंत चालते. किल्ली हाती आली की ग्राहकाचे सर्व पर्याय संपतात. तो आता एकाच दुकानाचा बांधील असतो.

एक पर्याय उरतो, आणि तो गुरुजींना सर्वांनी सुचविला : ‘गाडी विकून टाका. धुऊन चकाचक करा, बंद पडते हे सांगूच नका.’ जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच व्यवहारावर एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता, आणि २००१ साली त्याच विचारासाठी त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यापूर्वी तो दिल्लीत राहून गेला होता आणि त्या निबंधात आपल्याकडच्या खेडेगावांतील सावकारीचेही उदाहरण आहे. दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असला की घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो, कमी भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतात त्या खोडील गाड्याच, हे त्याचे प्रतिपादन. म्हणजे सदोष गाडीचा भुर्दंड मूळ मालकाने गुपचूप दुसऱ्यावर ढकलला तरी तो नाहीसा होत नाही. कंपनीच्या चुकीची किंमत आणखी एका अजाण माणसाने मोजायची, एवढेच. कॅलिफोर्नियात कंपनीने परत घेतलेली गाडी पुन्हा विकायची तर तिच्या मालकीच्या कागदावर तशी स्पष्ट नोंद करावी लागते, ती याचसाठी. गुरुजींनी गाडी विकली नाही. ‘माझ्याच एखाद्या माजी विद्यार्थ्याने घेतली तर?’ एवढेच ते म्हणाले.

मागणी फार मोठी नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात एक कलम पुरेल. ताबा मिळाल्यापासून अठरा महिन्यांच्या आत एकाच दोषासाठी वाहन चार वेळा, किंवा सुकाणू, ब्रेक आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडणे अशा जोखमीच्या दोषासाठी दोन वेळा दुरुस्तीस आणले असेल, अथवा एकूण तीस दिवस दुरुस्तीत अडकले असेल, तर त्यात उत्पादनदोष आहे असे आयोगाने गृहीत धरावे. तो नाही हे दाखविण्याची जबाबदारी उत्पादकाची राहील आणि विक्रेत्याकडे बोट दाखवून त्याला सुटता येणार नाही. जोडीला दोन साध्या गोष्टी हव्यात. जॉब कार्डावर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहिली जावी, आणि कंपनीच्या यंत्राने गाडीतून वाचलेल्या नोंदींची प्रत त्याला द्यावी.

कायदा होईपर्यंत ग्राहकाने काय करावे? दोष दिसताच लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. कार्डावर ‘जनरल चेकअप’ लिहिले असेल तर सही करण्यापूर्वी आपल्या हाताने खरी तक्रार लिहावी. गाडी दिली कोणत्या दिवशी, परत मिळाली कोणत्या दिवशी, मीटरवर आकडा किती होता, याची वही ठेवावी. बंद पडलेल्या गाडीचे मोबाइलवर चित्रण करावे. तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करावे आणि दोन वर्षांची मुदत विसरू नये.

गुरुजींनी ही वही आता ठेवली आहे. अर्थात सातव्या खेपेपासूनची. तज्ज्ञ नेमण्याच्या अर्जावर पुढील तारीख मिळाली आहे. तपासणीचे शुल्क भरावे लागेल म्हणून त्यांनी पतसंस्थेकडे आणखी पंधरा हजारांची मागणी केली आहे, आणि आईला डॉक्टरांकडे ते भाड्याच्या गाडीने आणतात.